शून्याची पावती

ऑपरेटर साहेबांनी माझ्या संगणकाला कधीही हात लावला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आखाडा बाळापुरात आजही लोक म्हणतात, "बाईचा काटा ऑपरेटरनं उभा करून दिला." काटा मी उभा केला. जागा मी घेतली, खड्डा मी खणून घेतला, लोखंडाचा भाव मी पाडला. ते फक्त माझ्या मागे खुर्ची टाकून बसले, दोन्ही हात पाठीशी बांधून, आणि तोंडाने सांगत राहिले. आता त्यांनी जे सांगितलं ते सांगायला दुसरं कोणी आलं नव्हतं, हेही खरं. म्हणून हे लिहिते आहे.

काटा म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रक मोजायचा वजनकाटा. आमचं घर मेंढरांचं. बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करणाऱ्या बापाच्या शेजारी उभं राहून मी भाव करायला शिकले, आणि पुढे शेळ्या विकत विकत रस्त्याकडेच्या या काट्यापर्यंत आले. बाई माणूस वजनकाटा चालवणार म्हटल्यावर गाव हसलं होतं. हसणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत, पण ती इथे लिहीत नाही.

ऑपरेटर साहेब वीज उपकेंद्रातून निवृत्त झालेले. नोकरीत ऑपरेटर होते म्हणून गावाने तेच नाव ठेवलं. त्यांची बायकोसुद्धा शेजारणीला "आमचे ऑपरेटर गेले भाजी आणायला" असं सांगायची. कोणाच्याही घरात शिरले की ते माणसांकडे बघायच्या आधी छताकडे बघत. पंख्याखाली कोणी नसेल तर पंखा बंद. खिडकीतून ऊन येत असेल तर दिवा बंद. "येऊ का?" हा शब्द त्यांना माहीत नव्हता. एका साखरपुड्यात भर दुपारी मांडवावर लावलेली रोषणाई त्यांनी जाता जाता बंद करून टाकली. मुलीचा बाप धावत आला.

"साहेब, काहून बंद केली? पाव्हणे यायलेत!"

"पाव्हण्यांना दुपारी दिसत न्हाई का? मंग डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या, इकडं काहून आनले?"

पाहुणे मागेच उभे होते. सोयरीक मोडली नाही, एवढंच.

त्यांची दुसरी खोड अशी, की एकदा दिलेलं उत्तर ते पुन्हा देत नसत. तुम्ही तेच परत विचारलंत की ते तुमच्या कानाकडे बघत बसत. "एकदा इचारलं, एकदा सांगितलं. आता कान तुमचा हाय का माजा?"

त्यामागे काय होतं ते मला एका लाईनमननं सांगितलं. उपकेंद्रात अशी रीत असते, की खांबावर चढण्याआधी लाईनमनने ऑपरेटरकडून परवानगी घ्यायची. ऑपरेटरने लाईन बंद करून, तपासून, परमिट द्यायचं. वरचा माणूस खाली येऊन परमिट परत करेपर्यंत लाईन चालू करायची नाही. एकदा हा लाईनमन वर होता आणि गावात पुढाऱ्याची सभा होती. लाईट नाही म्हणून माईक मुका. फोनवर फोन. मग दोन गाड्या भरून माणसं उपकेंद्रात आली. साहेबांनी खुर्ची उचलली, त्या लाईनच्या हँडलपुढे ठेवली आणि तिच्यावर बसून खिशातले शेंगदाणे खाऊ लागले.

"साहेब, किती येळ?"

"वर मानूस हाय."

"अहो, पन किती येळ?"

साहेब विचारणाऱ्याच्या कानाकडे बघत बसले. त्यांची बदली करू, नोकरी घालवू, सगळं बोलून झालं. शेंगदाणे संपले तरी ते उठले नाहीत. लाईनमन खाली आला, त्याने परमिट परत केलं, तेव्हा साहेब उठले आणि हँडल वर केलं. लाईनमन मला म्हणाला, "ताई, त्या दिवशी ती खुर्ची माज्या लेकरांसाठीच मांडली होती म्हना."

असा हा माणूस. आता माझ्या काट्याकडे येते.

काट्याला संगणक जोडलेला असतो. गाडी वर चढली की आकडा संगणकात जातो आणि प्रिंटरमधून पावती निघते. यासाठी कंपनीचा एक प्रोग्राम असतो. तो संगणकाच्या आतल्या खोलीत हात घालतो म्हणून सुरू होताना दर वेळी पडदा काळवंडायचा आणि एक चौकोन विचारायचा, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? यस का नो? कोणीतरी यस दाबल्याशिवाय पुढे काही नाही. आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते आणि येते हे इथल्या माणसाला सांगायला नको. दर वेळी संगणक बंद, दर वेळी चालू करा, दर वेळी तोच चौकोन. मी माल बघायला किंवा बाजारात गेलेली असले की काट्यावर माझे दीर बसत. ते तंबाखू मळायला बाहेर गेले की चौकोन आत वाट बघणार, ट्रॅक्टरवाला बाहेर हॉर्न वाजवणार. एकदा तर दिरांनी चक्क नो दाबलं.

"काहून दाबलं, भावजी?"

"इंग्रजीत काईतरी इचारून राहिलं होतं. म्हनलं, न समजता व्हय कशाला म्हना? उद्या वावर लिहून घेतलं तर?"

मी कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो नांदेडहून आला, चहा प्याला आणि संगणकाचं विचारणंच पार बंद करून गेला. कोणताही प्रोग्राम येऊ दे, काहीही करू दे, विचारणा नाही. मी खूश झाले. पुढच्या पंधरवड्यात दिरांनी कोणाच्या तरी पेनड्राईव्हवरून सिनेमा लावला आणि त्या सिनेमाबरोबर काय काय आत शिरलं देवाला माहीत. सोयाबीनच्या ऐन हंगामात संगणक आडवा पडला. माझ्या दारातून वळलेले ट्रॅक्टर पेट्रोल पंपाजवळच्या शेटच्या काट्यावर गेले. शेटचा काटा माझ्या आधीपासूनचा. वर पत्र्याचं मोठं शेड, बसायला बाकडी, प्यायला थंड पाणी. त्या दिवशी शेट रस्त्यात भेटला तेव्हा हसून म्हणाला, "ताई, शेळ्यांना संगनक लागत न्हाई. ते बरं होतं." हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

संगणक दुरुस्त झाला, त्याबरोबर चौकोनही परत आला. आणि एका दुपारी मी त्या चौकोनाला शिव्या देत असताना माझ्या डोक्यावरचा पंखा बंद झाला.

"मी बसलेली हाय ना पंख्याखाली!" मी ओरडले.

"तुमी उभ्या हाव," ऑपरेटर साहेब दारातून म्हणाले. "बसा, मंग लावतो. काय इचारून राहिला हा?"

"परवानगी. दर घडीला परवानगी. ह्याच्या तोंडात दुसरा शब्दच न्हाई."

ते पडद्याजवळ गेले आणि वाकून, सावकाश, चौकोनातलं अक्षर न् अक्षर वाचलं. मग माझ्याकडे वळले. "ह्याच्यात काय लिवलंय?"

"ते... यस दाबा म्हणून लिवलंय."

"म्हंजे तुमी वाचलंच न्हाई. एवढ्या खेपा यस म्हनल्या आन कोनाला म्हनल्या ते ठावं न्हाई." त्यांना खरोखर राग आला होता. "बाई, दर घडीला इचारलं की मानूस बघनं सोडून देतो. परवानगी एकदा द्यायची. पन ती अशी द्यायची की देताना घाम आला पायजे."

असं करता येतं का, मी विचारलं. येतं म्हणाले. उपकेंद्रात संगणक आले तेव्हा त्यांनी ते करून घेतलं होतं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे सौद्याला बसले. काय घेणार? काही नको म्हणाले. आधी सांगा. नको म्हणाले. मी आकडा टाकला, मीच तो खाली आणला, मीच वर नेला. समोरचा हात पुढे करेना तर रुमालाखाली बोटं तरी कोणाची धरायची? आयुष्यात मी इतकी हैराण झाले नव्हते. शेवटी ते म्हणाले, "माजी एकच अट. हात तुमचा. मी शिवनार न्हाई. काटा ज्याचा, परवानगी त्याची."

मला संगणकातलं यस आणि प्रिंट एवढंच येत होतं. मी दहावी नापास. त्यांनी खुर्ची टाकली, हात मागे बांधले आणि सुरुवात केली. संगणकात कामं नेमून देण्याची एक जागा असते: कोणतं काम, कधी, कोणाच्या अधिकाराने. ती त्यांनी मला शोधायला लावली. मी चुकीच्या ठिकाणी गेले की ते काही सांगत नसत, फक्त घसा खाकरत.

"कोनाला पास देऊन राहिल्या?"

"काट्याच्या प्रोग्रामला."

"त्याचं घर कुठं?"

"घर?"

"कुठल्या फोल्डरात राहतो तो? नाव सगळेच सांगतात. घर दाखवा, मंग पास."

मी घर शोधलं. त्याचा पूर्ण पत्ता भरला. त्याला वरचे अधिकार द्यायचे, म्हणून तिथे एक छोटी खूण करायची होती. ती करताना त्यांनी मला थांबवलं. "हे फकस्त ह्या एकालाच. दिराच्या सिनेमाला न्हाई, कंपनीवाल्याच्या पोराला न्हाई. बाकीच्यांना चौकोन इचारनार, इचारलंच पायजे. गोठ्याचं दार उघडं टाकू नका; एका म्हशीचं दावं सोडा."

कधी उठवायचं? संगणक जागा झाला की लगेच. आणि वीज आल्यावर संगणक स्वतःच चालू व्हावा, याचीही एक सोय संगणकाच्या पोटात असते. तीही माझ्याच बोटांनी चालू केली. सगळं झाल्यावर चौकोन आला. परवानगी द्यायची का?

"आता वाचा. मोठ्यानं."

मी इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं. प्रोग्रामचं नाव, कोणाचा, कुठला. दोनदा अडले. दीर दारात उभे राहून तोंडावर टॉवेल धरून हसत होते, त्यांना मी बाहेर काढलं. पूर्ण वाचून झाल्यावर यस दाबलं. खरं सांगते, घाम आला होता.

मग साहेबांनी भिंतीवरचा मुख्य खटका पाडला आणि वर केला. संगणक आपोआप सुरू झाला. पडदा काळवंडला नाही, चौकोन आला नाही. कोणीही काहीही न दाबता काट्याचा प्रोग्राम समोर येऊन उभा राहिला. शेळ्यांची पहिली खेप विकून आले होते त्या दिवशी जसं वाटलं होतं, तसं मला वाटलं.

पण साहेबांचं समाधान झालं नव्हतं. "उठला म्हंजे जागा झाला असं न्हाई. बोलून दाखवलं पायजे." प्रोग्राम उघडल्या उघडल्या चाचणीची एक पावती छापायची सोय त्यात होती, ती त्यांनी माझ्याकडून चालू करून घेतली. काट्यावर त्या क्षणी जे वजन असेल ते पावतीवर येणार. पावती आली म्हणजे काटा, संगणक, प्रिंटर तिघेही जागे. मला ते कागदाचं नुकसान वाटलं, पण बोलले नाही.

हळदीचा हंगाम आला. आमच्या भागात हळदवाल्यांची एक रीत आहे. ज्या काट्यावर हंगामाची बोहनी केली, हंगामभर तोच काटा धरायचा. दोन काटे धरले की दोन आकडे होतात, आणि दोन आकडे झाले की व्यापाऱ्याशी भांडण होतं. म्हणून पहिल्या दिवशी ट्रॅक्टर कुठे चढले यावर काटेवाल्याचं अख्खं वर्ष ठरतं. सोयाबीनला माझी पत गेली होती. हा हंगामही शेटकडे गेला असता, तर माझा काटा लोखंडाच्या भावात विकायची वेळ आली असती. ते लोखंड शेटच घेणार हेही मला माहीत होतं.

पहिल्या दिवशी सकाळीच मी काट्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ हातात घेऊन उभी राहिले. कुरुंद्याच्या बाजूने हळदीच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर रांगेत लागले होते. सगळ्यांत पुढे एक म्हातारे शेतकरी. त्यांच्या मागे सगळे, त्यांनी जे केलं ते सगळे करणार. तेवढ्यात वीज गेली आणि लगेच आली. आत संगणक सुरू झाला, प्रिंटर खरखरला आणि पावती बाहेर आली. नारळ अजून माझ्या हातात होता.

दीर ती पावती घेऊन बाहेर आले आणि, त्यांच्या अकलेप्रमाणे, म्हाताऱ्यांच्याच हातात दिली.

म्हाताऱ्यांनी ती लांब धरून वाचली. "शून्य? नारळाच्या आधी पावती, आन तीबी शून्याची?"

मागच्या ट्रॅक्टरवरून कोणीतरी ओरडलं, "बाईच्या काट्यानं शून्याची बोहनी केली रे!" रांगेत हसू पसरलं, आणि मग हसू थांबलं. हंगामाचा पहिला आकडा शून्य. शेतकऱ्याला याच्याहून वाईट काय? म्हाताऱ्यांनी ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला खूण केली. ट्रॅक्टर चालू झाला. मागचे दोन तर वळायलाही लागले, पंपाच्या दिशेने.

साहेब रांगेच्या कडेला उभे होते. मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर तुटून पडले. "साहेब, सत्यानाश केला तुमी माजा! कशाला पायजे होती ती पावती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते म्हाताऱ्यांच्या ट्रॅक्टरपुढे जाऊन उभे राहिले. अगदी मधोमध.

"काका, तुमच्या घरी धान्य मोजायला कोनी पायली आनली, तर आधी काय करता?"

"सरका, ऑपरेटर. उशीर व्हऊन राहिला."

"एकदाच इचारून राहिलो. काय करता?"

म्हातारे चिडून म्हणाले, "काय करता म्हंजे? पालथी करून बघतो. आत काई चिकटलंय का ते."

"मंग ह्या काट्यानं दुसरं काय केलं? तुमी सांगायच्या आधी पायली पालथी करून दाखवली. आत काई न्हाई. घ्या, लिवून दिलंय."

ट्रॅक्टर धडधडत होता. मग रांगेतल्या तिसऱ्या ट्रॅक्टरवर पोत्यांवर बसलेली तांड्यावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बराबर बोलून राहिला तो. माजा बाप तेल विकताना माप उलटं करून झटकायचा, मंगच भरायचा. पन आमी झटकायला सांगितल्यावर. ह्यो तर न सांगता झटकून राहिला."

म्हाताऱ्यांनी पावतीची घडी केली आणि टोपीत ठेवली. "फोड बाई नारळ," ते म्हणाले.

तो हंगाम माझा झाला. आणि नुसता झाला नाही. पुढच्या काही दिवसांत लोक येऊन आधी शून्याची पावती मागायला लागले. बाजारात भाव करताना व्यापाऱ्यापुढे वजनाच्या पावतीबरोबर शून्याची पावती टाकायची रीत पडली. काही जण शेटकडे जाऊन म्हणू लागले, "तुमचं शून्य दाखवा." शेटने दाखवलं तेव्हा रिकाम्या काट्यावर चाळीस किलो निघाले. चिखल अडकला होता म्हणे. असेल. मी काही बोलत नाही.

आणि तेव्हा ऑपरेटर साहेबांनी ते केलं ज्यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही. ते शेटकडे गेले. त्याच्या केबिनमध्ये खुर्ची टाकून, हात मागे बांधून बसले, आणि ज्या शेटने जन्मात माऊस धरला नव्हता त्याच्याकडून, घर दाखवा, पत्ता भरा, मोठ्याने वाचा, सगळं करून घेतलं. शेट म्हणे वाचताना रडकुंडीला आला होता. हे ऐकून मला थोडं बरं वाटलं, पण थोडंच. मी तडक साहेबांच्या घरी गेले.

"माज्या काट्याची गोष्ट तुमी त्याला दिली?"

"त्याचाबी काटा बराबर पायजे का नको?"

"त्यानं मला शेळ्यांवरून हिनवलं होतं! मला इचारायचं तरी!"

"काटा तुमचा हाय, बाई. शून्य तुमचं हाय का?"

मी त्यांच्या घरातला बंद पंखा चालू करून, तो तसाच फिरता ठेवून, निघून आले. याहून मोठा अपमान त्यांचा कोणी केला नसेल. पुढचा हंगाम येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

तो हंगाम आला तेव्हा मी मनातून हरलेली होते. दोन्ही काटे आपोआप उठणारे, दोन्हीकडे शून्याची पावती. आणि शेटकडे सावली, बाकडी, थंड पाणी. लोकांनी माझ्या उन्हात कशाला थांबावं? सकाळी रस्त्यावर धूळ उठली. पुढच्या ट्रॅक्टरवर तेच म्हातारे. पंपापाशी ते थांबले, शेट बाहेर येऊन त्यांच्याशी बोलला हेही मला दिसलं. मग ट्रॅक्टर हलला, सरळ पुढे आला आणि माझ्या काट्यावर चढला. मागे सगळी रांग.

मला राहवलं नाही. "काका, तिथं तर सावली हाय. शून्यबी हाय."

"हाय की," म्हातारे खाली उतरत म्हणाले. "पन तिथलं शून्य आमी मागितल्यावर आलं. तुजं न मागता आलं होतं. माप न सांगता झटकनारा मानूस सोडत न्हाईत, पोरी."

मी नारळ फोडला. खोबरं वाटताना एकाच माणसाला मी दोनदा दिलं. दिरांनी विचारलं काय झालं, तर त्यांच्यावर ओरडले.

त्याच वर्षी मी स्वतः पत्र्याचं शेड उभं केलं. आज हळदीच्या दिवसांत माझी रांग पंपाच्याही पुढे जाते, म्हणजे शेटला स्वतःच्या केबिनमधून माझी गिऱ्हाइकं मोजता येतात. साखरा गावापर्यंतचे काटेवाले मला फोन करून विचारतात, चौकोनाचं काय करायचं? मी सांगते. आधी वाचायला लावते.

ऑपरेटर साहेब आता लेकीकडे परभणीला राहतात. तिथल्या सोसायटीच्या जिन्यातले दिवे ते बंद करतात म्हणून लेकीला बोलणी बसतात असं कळतं. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "दोन्ही काटे उठले का?" एवढंच.

"माजा उठला," मी म्हणते. "दुसऱ्याचं दुसऱ्याला इचारा."

आणि ते विचारतात. त्याला लगेच फोन करतात, हे मला शेटनेच सांगितलं. मी न विचारता.